मोटर बदलण्याआधी बोटानं हलवून बघ

डोंबिवलीच्या एका तरुण दोस्ताचा प्रश्न आहे. एचओ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या १/८७ आकाराचा, आठ बाय चार फुटांचा मॉडेल रेल्वेचा लेआउट त्यानं पावसाळाभर चादर घालून ठेवला होता. दिवाळीच्या सुट्टीत चादर काढली तर पवनचक्की फिरेना, नुसती गुणगुणते. फाटकाचे दांडे खाली येऊन थरथरत राहतात. यार्डाच्या टोकाचे दोन सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे भाग, अर्ध्यावर अडकतात. शिवाय स्टेपर मोटर, म्हणजे मोजून पावलं टाकत फिरणारी मोटर, लावून घरी बनवलेलं ३० सेंटिमीटरचं टर्नटेबल, म्हणजे इंजिन वळवायचा फिरता पूल, त्यानं आता नव्यानं बसवलंय, ते दर फेरीला रुळापासून जवळजवळ अर्धा सेंटिमीटर सरकतं. "काका, सगळ्या मोटरी बदलू का?" असं त्यानं विचारलंय.

बदलू नकोस. तुझ्या वर्णनावरून चारांपैकी एकही मोटर गेलेली दिसत नाही. मी ठाण्याच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेंटेनन्सला नोकरी केली आणि घरचा लेआउट सत्तावीस वर्षं सांभाळतोय. एवढ्या काळात खरोखर जळालेल्या छोट्या मोटरी फार थोड्या पाहिल्या. बाकी वेळी मोटर धडधाकट होती, तिनं जे हलवायचं तेच अडलं होतं. अशा वेळी नवी मोटर लावली की ती दोन-चार दिवस जोर लावून चालते, कारण ती ताज्या दमाची असते. आपल्याला वाटतं दुरुस्ती झाली. मग तीही तापते. या मोटरी बहुतेक परदेशातून मागवाव्या लागतात, टपाल आणि ड्यूटी वेगळी, म्हणून आधी हे सगळं वाच आणि मग पाकिटाला हात घाल.

पहिलं काम विजेशिवायचं. सप्लाय बंद कर, मोटर आणि यंत्रणा यांचा जोड सोडव आणि यंत्रणा बोटानं हलवून बघ. पवनचक्कीच्या पात्याला हलकी टिचकी मार. मोकळं असेल तर ते एक-दोन फेऱ्या घेऊन सावकाश थांबतं. दर वेळी त्याच जागी येऊन थांबत असेल तर एक पातं जड आहे, मागच्या बाजूला रंगाचा किंवा गोंदाचा थेंब असेल. झटक्यात थांबत असेल तर कुठेतरी घासतंय. फाटकाचा दांडा वर उचलून सोड, स्वतःच्या वजनानं खाली आला पाहिजे. सांध्याची पट्टी काडीनं ढकल, दोन्ही बाजूंना सारखाच जोर लागला पाहिजे.

इथे एक सावधगिरी. मोटरवर वर्म गिअर असेल, म्हणजे मळसूत्रासारखा दांडा आणि त्यावर दातेरी चाक, तर चाकाकडून फिरवायला जाऊ नकोस. वर्म चाकाला फिरवतो, चाक वर्मला फिरवू शकत नाही. जोर केलास तर प्लॅस्टिकचे दाते जातील. आधी वर्म बाजूला कर.

हाताला मोकळं लागलं की मगच मल्टिमीटर काढ. बहुतेक जण व्होल्ट मोजतात, मी आधी करंट मोजतो. मिलिअँपिअरच्या रेंजवर मीटर मोटरच्या एका तारेत मध्ये घाल. समज, नुसती मोटर ४० मिलिअँपिअर घेते आणि यंत्रणा जोडल्यावर ५५-६० घेते, तर सगळं ठीक. जोडल्यावर १५०वर उडी मारत असेल तर अडचण यंत्रणेत आहे, मोटर बिचारी झगडतेय. आणि नुसतीच असताना जास्त घेत असेल तर मात्र तिच्या बुशमध्ये, ब्रशमध्ये किंवा गुंडाळीत दोष आहे. लेआउटवरची प्रत्येक हलती वस्तू उत्तम चालत असते त्या दिवशी मी तिचा करंट मोजतो आणि मास्किंग टेपवर तारखेसकट लिहून फळीच्या खालच्या बाजूला चिकटवतो. सर्वात जुनी पट्टी २००३ची आहे. वस्तू अडखळायला लागली की पट्टीवरचा आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवतो, निम्मं निदान तिथेच होतं. व्होल्ट मोजायचे तर मोटर चालू असताना, तिच्या टोकांवर. रिकामा असताना १२ दाखवणारा स्वस्त अ‍ॅडॅप्टर ओझं आलं की कितीवर येतो ते बघितल्याशिवाय कळत नाही.

आता पवनचक्की. तुझी फालरची आहे असं तू लिहिलंयस. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये ग्यूटेनबाख नावाच्या गावी १९४६मध्ये सुरू झालेली ही कंपनी. त्यांच्या पवनचक्क्यांत बहुधा १२ ते १६ व्होल्ट एसीवर चालणारी सिंक्रोनस मोटर असते. या मोटरीला डीसी दिला तर ती फिरत नाही, आवाजही करत नाही, गप्प तापत राहते. एलईडीच्या माळेचा अ‍ॅडॅप्टर जोडून अशा मोटरी जाळलेल्या मी पाहिल्यात. तुझी गुणगुणते, म्हणजे एसी व्यवस्थित पोचतोय आणि गुंडाळी शाबूत आहे. तेव्हा गिअर किंवा आस धरलेला आहे. गेल्या वर्षीचं तेल दमट हवेत धूळ पिऊन डिंकासारखं झालं असणार.

गिअरचं झाकण उघड. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कानकाडीनं आस आणि दाते पूस, दातांच्या मधला काळा चिकटा टूथपिकनं काढ. रंगवलेल्या भागावर अल्कोहोल जाऊ देऊ नकोस, रंग उतरतो. पूर्ण वाळल्यावर पात्याला पुन्हा टिचकी मारून बघ आणि मग तेल. सिंक्रोनस मोटरीचा वेग विजेच्या ५० हर्ट्झवर ठरतो, त्यामुळे व्होल्ट कमी करून ती हळू फिरणार नाही, फक्त दुबळी होईल आणि सुरू व्हायला कुरकुरेल. शिवाय ही मोटर मुळात कुठल्याही दिशेनं सुरू होऊ शकते. उलटी फिरू नये म्हणून आत छोटीशी अडसर-पट्टी असते. साफसफाईनंतर चक्की कधी सुलट, कधी उलट फिरायला लागली तर ती पट्टी चिकटलेली किंवा निखळलेली आहे.

तेलाबद्दल माझं मत ठाम आहे. घरात हाताशी असतं म्हणून लोक खोबरेल घालतात. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजायला लागतं, म्हणजे थंडीत सकाळी लेआउट सुरू होणारच नाही, आणि पुढे ते खवट होऊन चिकटतं. गंज सोडवायचा स्प्रेही इथे नको. तो जुनं वंगण धुऊन काढतो आणि काही प्लॅस्टिकना तडे पाडतो. धातूच्या बुशमध्ये धातूचा आस फिरत असेल तर शिलाई मशीनचं तेल चालतं, टाचणीच्या टोकावर बसेल एवढाच थेंब. प्लॅस्टिकच्या गिअरला प्लॅस्टिकसाठी चालतं असं लिहिलेलं तेल किंवा सिलिकॉन ग्रीस. फाटकाच्या बारीक बिजागरीला यातलं काहीच नको. २बी पेन्सिलीचं शिसं घासून त्याची पूड तिथे बोटानं चोळ. शिशातून वीज वाहते, तेव्हा ती पूड विजेच्या संपर्काजवळ सांडू देऊ नकोस. जास्त तेलानं जेवढी नासाडी होते तेवढी कमी तेलानं होत नाही, कारण जास्तीचं तेल आसावरून सरकत कम्युटेटरवर, म्हणजे गुंडाळीला वीज देणाऱ्या फिरत्या तांब्याच्या पट्ट्यांवर जातं, कार्बनची पूड त्यात कालवली जाते आणि तांब्याच्या पट्ट्यांमधल्या फटी भरून शॉर्ट होतात. उघडता येणारी डीसी मोटर असेल तर त्या फटी टूथपिकनं कोर आणि कम्युटेटर अल्कोहोलनं पूस. पॉलिश पेपर शेवटचा उपाय, तोही अगदी बारीक.

सांधे. अर्ध्यावर अडकणारे दोन्ही यार्डाच्या टोकाला आहेत, म्हणजे कंट्रोल पॅनेलपासून सर्वात लांब, यातच उत्तर लपलंय. तुझे सांधे दोन कॉइलच्या सोलेनॉइडवर आहेत, म्हणजे वीज दिली की कॉइल लोखंडी दांडा झटक्यात ओढते आणि सांधा सरकतो. सोलेनॉइड क्षणभरच वीज घेतो, पण घेतो तेव्हा काही अँपिअर घेतो. तू ०.१४ चौरस मिलिमीटरची बारीक वायर वापरली आहेस. पॅनेलपासून ५ मीटर म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांबं. त्याचा रोध साधारण १.२ ओहम. ४ अँपिअर वाहिले की जवळजवळ ५ व्होल्ट वायरमध्येच गेले. कॉइलला उरलं काय? तीच वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची घेतलीस तर घट १ व्होल्टच्या आत येते. पावसाळ्याआधी ते जेमतेम चालत होते. आता सांध्याच्या पट्टीखाली ओल धरली, घर्षण थोडं वाढलं आणि ती जेमतेमही संपली.

घर्षणाचं मूळही शोध. खडी चिकटवताना आपण फेव्हिकॉल पाण्यात कालवून सोडतो, ते हलत्या पट्टीखाली झिरपतं. कोरड्या दिवसांत कडक राहतं, दमट हवेत मऊ होऊन धरतं. पट्टीखाली कागदाची चिंचोळी कापटी सारून बघ. अडली तर कोमट पाण्यात भिजवलेल्या ब्रशनं ते सोडव. सांध्याचं हलतं पातं आणि बाजूचा रूळ यांच्यामध्ये खडीचा एखादा दाणाही असू शकतो. भिंगातून बघ, नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही.

सोलेनॉइडला कपॅसिटर डिस्चार्ज युनिट लाव, हे मी आग्रहानं सांगतो. १९९९ साली माझ्या पॅनेलवरचं एक बटण दाबल्यावर आतच अडकून बसलं. मी लेआउटच्या दुसऱ्या बाजूला होतो, वास आल्यावर कळलं. कॉइल जळाली आणि वरच्या सांध्याचे प्लॅस्टिकचे स्लीपर वाकडे झाले. युनिटमध्ये साठलेला कपॅसिटर एकदाच जोरात रिकामा होतो. सांध्याला दणकून ठोसा मिळतो आणि बटण अडकलं तरी मागून जळवण्याइतका करंट येत नाही. २४ व्होल्टवर भरलेला ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सव्वा ज्यूलपेक्षा थोडी जास्त ऊर्जा देतो, एका सोलेनॉइडला ती भरपूर झाली.

पुढेमागे सांधा हळू सरकवणाऱ्या टॉर्टॉइजसारख्या संथ मोटरीकडे वळलास तर तिथलं समायोजन वेगळं. ती टोकाला जाऊन थांबते आणि थांबलेली असतानाही १२ व्होल्टवर १५ मिलिअँपिअरच्या आसपास घेत राहते. ते तसंच अपेक्षित आहे, त्यात बिघाड नाही. तिच्या तारेला मध्ये एक सरकता टेकू असतो. टेकू रुळाकडे वर सरकवला की तारेचं टोक कमी हलतं, खाली आणला की जास्त हलतं. पातं रुळाला टेकल्यावर तार किंचित वाकली पाहिजे. तेवढा स्प्रिंगचा दाब पुरतो. फळी जाड असेल तर सोबतची ०.६४ मिलिमीटरची तार लवचीक पडते. ०.८ची तार घेतली की ताठपणा साधारण अडीच पट होतो. फरक नुसता ०.१६ मिलिमीटरचा, पण ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो.

फाटकाच्या दोन्ही दांड्यांना तू ९ ग्रॅमवाला एकेक छोटा सर्वो लावलायस, म्हणजे सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणारी मोटर. तो थरथरतो कारण त्याला सांगितलेली जागा आणि दांड्याला गाठता येणारी जागा एक नाही. दांडा खालच्या खुंटीवर टेकलाय, पण प्रोग्रॅम म्हणतोय अजून दोन अंश खाली जा. सर्वो ढकलतो, थांबतो, पुन्हा ढकलतो. पावसाळ्यात प्लायवूड जरा फुगलं आणि खुंटी वर आली एवढंच घडलंय. प्रोग्रॅममधला शेवटचा कोन दोन-तीन अंशांनी कमी कर. सर्वो आणि दांडा यांना जोडणाऱ्या तारेला मध्ये इंग्रजी झेडसारखी घडी दे. उरलासुरला फरक ती घडी पोटात घेते. दांडा जागेवर पोचला की अर्ध्या सेकंदानं सर्वोचा सिग्नल बंद कर, हलका दांडा गिअरच्या घर्षणावर जागेवर राहतो. सर्वोच्या सप्लायवर, त्याच्या अगदी जवळ, ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव, म्हणजे शेजारचा सांधा पडताना फाटक दचकणार नाही. आणि वेग कमी कर. खऱ्या फाटकाचा दांडा गेटमन हँडल फिरवतो तसा सावकाश उतरतो, मॉडेलमध्ये तो चार-पाच सेकंद घेऊ दे. हळू हलणारी वस्तू खरी वाटते आणि कमी झिजते.

आता टर्नटेबल. तुझ्या प्रश्नातला मला सर्वात आवडलेला भाग हाच, कारण इथे काही बिघडलेलंच नाही, आकडा चुकलाय. तुझी स्टेपर २८बीवायजे-४८ आहे. तिची गिअर घट ६४ला १, म्हणजे आतल्या ६४ फेऱ्यांना बाहेर एक फेरी, असं सगळीकडे छापलेलं असतं. आतल्या एका फेरीची ३२ पावलं, त्यावरून बाहेरच्या एका फेरीला २०४८ पावलं धरली जातात आणि तूही तीच धरली आहेस. आतल्या चाकांचे दाते मोजून गुणाकार केला तर खरी घट ६३.६८च्या आसपास येते, म्हणजे एका फेरीला सुमारे २०३८ पावलं. तू दर फेरीला दहा पावलं जास्त टाकतोयस. एक पाऊल ०.१७७ अंशाचं, दहा पावलांचा जवळजवळ १.८ अंश. तुझ्या पुलाची त्रिज्या १५ सेंटिमीटर, त्यामुळे टोकाला ४.७ मिलिमीटर. तुझा अर्धा सेंटिमीटर तो हाच. प्रोग्रॅममध्ये २०३८ लिही, हे सरकणं जवळपास थांबेल.

जवळपास म्हणतो, कारण अपूर्णांक उरतोच आणि फेरीमागून फेरी साठत जातो. म्हणून पुलाच्या खाली एक छोटा चुंबक आणि खड्ड्याच्या तळाला चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर बसव. दर वेळी चुंबक समोरून गेला की मोजणी शून्यावर आण. दुसरी गोष्ट गिअरमधली ढील. या मोटरीच्या गिअरमध्ये ती चांगलीच जाणवते. डावीकडून येऊन थांबलेला पूल आणि उजवीकडून येऊन थांबलेला पूल एका जागी नसतो. उपाय सोपा आहे, मुक्कामाला नेहमी एकाच दिशेनं पोचायचं. उलट दिशेनं यायचं असेल तर पाच अंश पुढे जाऊन परत फिरायचं. मी तर पुलाच्या आसाला नायलॉनच्या दोऱ्यानं एक हलकं वजन टांगलंय. ते ढील कायम एका बाजूला दाबून ठेवतं.

एक मर्यादाही सांगतो. या मोटरीचं एक पूर्ण पाऊल तुझ्या पुलाच्या टोकाला ०.४६ मिलिमीटर होतं. एचओच्या रुळाचा माथा जेमतेम मिलिमीटरभर रुंद, तिथे अर्ध्या मिलिमीटरची पायरी म्हणजे इंजिनाचं चाक ठेचकाळणार. अर्ध्या पावलांवर चालवलंस तर पायरी ०.२३ होते, तेवढ्यावर काम भागतं. पुढे अचूकता हवीशी वाटली तर फेरीला २०० पावलांची नेमा १७ मापाची मोटर, एका पावलाचे सोळा भाग करणारा १/१६ मायक्रोस्टेपिंगचा ड्रायव्हर आणि ३ला १ असा दातेरी पट्टा घे, टोकाची पायरी ०.१ मिलिमीटरवर येईल. तुझ्या टर्नटेबलसाठीच मोटर बदलावी असं मला वाटतं, आणि तीही बिघाड म्हणून नाही, सावकाश पैसे साठवून.

हलत्या वस्तू सतत चालू ठेवायच्या नसतात, हे राहिलं. हॅम्बुर्गच्या मिनिएचर वुंडरलँड या मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनात, जे २००१पासून सुरू आहे, बघणाऱ्यांसाठी २००हून जास्त बटणं आहेत. बटण दाबलं की एखादा देखावा थोडा वेळ हलतो आणि थांबतो. मुलांना मजा येते आणि मोटरीला विश्रांती मिळते. पवनचक्कीला तसा दोन मिनिटांचा टायमर लाव. पुण्यात गेलास तर कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून ये. १९९८मध्ये ते लोकांसाठी उघडलं. तिथला खेळ बघताना गाड्यांवरून नजर काढून बाजूच्या हलत्या गोष्टींकडे बघ, कोण किती वेळ आणि किती वेगानं हलतंय ते टिपून घे. आपल्याकडच्या धुळीत आणि हवेत अशी यंत्रणा वर्षानुवर्षं चालवून दाखवणारी जागा इतक्या जवळ आहे, याचा मला फार आधार वाटत आलाय.

पुढच्या पावसाळ्यात चादर घालून विसरू नकोस. चादरीखाली ओल कोंडते आणि मुंग्यांना मोटरीच्या पोकळ्या आवडतात. दर रविवारी सगळ्या वस्तू पाच-पाच मिनिटं चालव, म्हणजे तेल बसत नाही आणि संपर्कावर काळेपणा धरत नाही. फळीच्या कापलेल्या कडांना वॉर्निशचे दोन हात दे, प्लायवूड पाणी पितं ते कडांतूनच.

या शनिवारी सुरुवात टर्नटेबलपासून कर, त्याला पान्हाही लागणार नाही. २०४८च्या जागी २०३८ घाल आणि सेन्सर जोडण्याआधी एकाच दिशेनं दहा फेऱ्या मार. टोकाला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फरक उरला पाहिजे. मग फाटकाचा कोन, मग पवनचक्कीची सफाई, आणि सांध्यांच्या वायरी सर्वात शेवटी, कारण त्यासाठी फळीखाली आडवं व्हावं लागेल. चारही चालू झाल्या की पवनचक्की, दोन्ही सर्वो आणि स्टेपर यांचे करंट मोजून टेपवर लिही. सोलेनॉइडचा झटका साध्या मीटरवर पकडता येत नाही, तिथे वायरचा गेज लिही. आणि दहा फेऱ्यांनंतर टर्नटेबलचा फरक किती आला, तो आकडा मला कळव.